करिंथची पंगत

आमच्या घरात ‘करिंथ’ ही शिवी होती. म्हणजे तशी शिवी नव्हे, पण आजी तो शब्द ज्या सुरात टाकायची तो सूर शिवीचाच. कुणी ताटं वाढायच्या आधी भजी पळवली, धाकट्याच्या वाट्याचं दूध मोठ्यानं पिऊन टाकलं, की चुलीपासून आवाज यायचा, “करिंथ करू नका रं!” कितीतरी वर्षं मला वाटायचं, हा आमच्या नगर भागातला ‘धिंगाणा’सारखा एखादा जुना शब्द असेल. शब्बाथशाळेत येशूचा प्रेषित पौल याची पत्रं वाचायची वेळ आली तेव्हा कळलं की करिंथ हे गाव आहे, ग्रीसमध्ये आहे, आणि तिथल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना, पौलानं जेवणावरून झापलं होतं.

आजीला लिहिता यायचं नाही, वाचता यायचं; तेही ठळक टायपातलं पवित्र शास्त्र, ओळीखाली बोट ठेवून. पण पंगतीचं शास्त्र तिला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. आमचं घराणं गावकुसाबाहेरचं. तिच्या लहानपणी गावातल्या लग्नात आपली माणसं मांडवाबाहेर, सगळ्यात शेवटी, आणि शिवायला नको म्हणून वाढणारा वरूनच टाकायचा. हे ती फार क्वचित सांगे. सांगताना तिचा स्वतःचा हात नकळत तसा वर जायचा.

बाप्तिस्मा झाला, पिढ्या सरल्या, तरी पंगत ही पंगतच राहिली. नाताळच्या जेवणाला कंपाउंडात पत्रावळी मांडल्या जायच्या. बोकडाचं मटण, ज्वारीच्या भाकरी, भात. पंगतीच्या तोंडाशी पाळकसाहेब, शाळेचे मास्तर, मुंबईहून आलेले पाहुणे; शेपटाशी रोजंदारीवरची माणसं आणि पोरंसोरं. तोंडाशी पळी बादलीच्या तळातून यायची, मधल्यांना मधल्या थरातून, शेपटाला वरवरची. तुकडे कुणाला आणि नुसता रस्सा कुणाला, हे पळी किती खोल जाते त्यावर ठरायचं. वाढपी काही दुष्ट नव्हते. त्यांचा हातच तसा वळलेला होता. आजी बादली घेऊन उभी राहिली की मात्र शेपटाकडून सुरुवात करायची, आणि पाहुण्यांपर्यंत येईस्तो बादलीत काय उरलंय याची तिला फिकीर नसायची.

या प्रकाराला मराठीत फार नेमका शब्द आहे, पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीला बसलेल्यांत वाढताना डावंउजवं करणं. आपल्याकडे हा शब्द लागला, रुळला, यातच काय ते आलं. इंग्रजीत किंवा जर्मनमध्ये हीच गोष्ट सांगायला विद्वानांना पानंच्या पानं खर्ची घालावी लागली, आणि ती पानं मी एम.ए.ला असताना वाचली.

समाजशास्त्र घेतलं होतं. घुर्ये शिकवले गेले. मालवणचा हा माणूस मुंबई विद्यापीठात बसून जातीची सहा लक्षणं सांगतो, आणि त्यातलं एक लक्षण अन्नपाण्यावरचे निर्बंध हे आहे: कुणी कुणाच्या हातचं काय खायचं, कुणासोबत बसायचं. रोटीव्यवहार. वर्गात हे ऐकताना नवीन काहीच वाटलं नाही. नवीन वाटलं ते वेगळ्याच दिवशी, ग्रंथालयात भलतंच काही शोधताना हाती लागलेल्या एका लेखामुळे. गेर्ड थाइसेन नावाच्या जर्मन अभ्यासकानं १९७४च्या सुमारास करिंथच्या मंडळीवर काही लेख लिहिले होते. विषय: प्रभुभोजनाच्या वेळी करिंथमध्ये नेमकं काय बिनसलं होतं? धर्मतत्त्वात नव्हे, ताटात काय बिनसलं होतं?

हा प्रश्न मला कुणी कधी विचारलाच नव्हता. प्रभुभोजन म्हणजे महिन्याच्या पहिल्या रविवारी येणारा, पॉलिश केलेला गोल ट्रे. त्यात अंगठ्याएवढे काचेचे पेले, प्रत्येकात घोटभर द्राक्षारस. दुसऱ्या ताटात पावाचे चौकोनी तुकडे. त्याआधी पाळकसाहेब पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायातला इशारा वाचायचे, की जो अयोग्यपणे खातो-पितो तो स्वतःवर न्यायदंड ओढवून घेतो. आमचे एक नातलग होते, त्यांना बिडी सुटत नव्हती. ते हा इशारा ऐकून दर वेळी मान खाली घालायचे आणि ट्रे हातात आला की काही न घेता पुढे सरकवायचे. काच काचेवर वाजायची, बाकावरच्या सगळ्यांना कळायचं. त्यांच्याच मागच्या बाकावर एक गृहस्थ बसत, त्यांनी आपल्या सालगड्याचा वर्षाचा हिशेब दोन वर्षं अडवून ठेवला होता. ते दर महिन्याला पेला उचलायचे, डोळे मिटून.

थाइसेनचा लेख वाचून मी तो अकरावा अध्याय परत काढला आणि जरा हबकलेच. पौल तिथं बिडीबद्दल बोलत नाहीये. मनातल्या पापी विचारांबद्दलही नाही. तो सरळ सांगतोय की तुम्ही जमता तेव्हा एकेक जण आपलं जेवण आधीच उरकून घेतो, एक उपाशी राहतो आणि दुसरा पिऊन तर्र होतो; ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही खाली मान घालायला लावता. अयोग्यपणे खाणं म्हणजे हे. इशारा मागच्या बाकासाठी होता आणि हजारो मैल, एकोणीसशे वर्षं प्रवास करून तो पुढच्या बाकावर येऊन आदळला होता.

पण मी पुढे पळतेय. आधी ते गाव.

करिंथ हे तसं नवं गाव. जुनं करिंथ रोमनांनी इ.स.पू. १४६ मध्ये जमीनदोस्त केलं, आणि शंभर वर्षांनी, इ.स.पू. ४४ मध्ये, ज्युलिअस सीझरनं तिथं नवी वसाहत वसवली. वसवायला पाठवलेल्यांत मुक्त झालेले गुलाम पुष्कळ होते. जागा मोक्याची: पूर्वेला किंख्रिया, पश्चिमेला लेखायन, दोन बाजूंना दोन बंदरं आणि मध्ये सहा-सात किलोमीटरची चिंचोळी पट्टी. माल येतोय, जातोय, दलाली होतेय. दर दोन वर्षांनी तिथं मोठे खेळ भरायचे. जुनी घराणी नसलेलं, नव्या पैशाचं गाव. आजोबा गुलाम, बाप मुक्त, नातू नगरपालिकेत, असा तिथला चढता जिना. पौल इथं दीड वर्ष राहिला, तंबू शिवून पोट भरलं. साल कुठलं हे बऱ्यापैकी पक्कं सांगता येतं, कारण त्याला ज्या गल्लियो नावाच्या अधिकाऱ्यासमोर उभं केलं त्याचं नाव डेल्फीला सापडलेल्या एका शिलालेखात आहे, आणि त्यावरून त्याची कारकीर्द ५१-५२च्या आसपासची ठरते.

पैसा आला की नाव कोरायची हौस येते. १९२९ साली करिंथच्या नाट्यगृहाजवळ फरसबंदीतला एक लेख सापडला: एरास्त नावाच्या माणसानं नगरातलं मानाचं पद मिळाल्याबद्दल ही फरशी स्वखर्चानं घातली. आता रोमकरांस पत्राच्या शेवटी पौल ‘नगराचा कारभारी एरास्त’ याचा सलाम कळवतो, आणि ते पत्र करिंथहूनच लिहिलेलं दिसतं. हाच तो एरास्त का, यावर विद्वान अजून हातघाईवर येतात. मला त्या वादापेक्षा ती फरशीच जास्त ओळखीची वाटते. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर असतं, तसंच आमच्या चर्चमधल्या पंख्याच्या पात्यांवर असतं: ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’. उन्हाळ्यात उपासना लांबली की मी ती नावं वाचायचा प्रयत्न करायची. पंखा फिरत असेपर्यंत जमत नाही. वीज गेली की दाते दिसतात.

सुरुवातीचे ख्रिस्ती गरीब होते की सुखवस्तू, हे भांडण फार जुनं आहे. दुसऱ्या शतकात केल्सस नावाचा टीकाकार त्यांना लोकर विंचरणारे, चांभार, धोबी म्हणून हिणवत होता. १९०८ साली डाइसमान हा जर्मन अभ्यासक इजिप्तमधले जुने पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरची लिखाणं, वाचून म्हणाला, बायबलातल्या नव्या कराराची ग्रीक ही बाजारातल्या साध्या माणसांची आहे. त्याच वर्षी मार्क्सवादी काउट्स्की म्हणाला, ही श्रमिकांचीच चळवळ. मग १९६०नंतर लंबक दुसरीकडे गेला, आणि १९८३ साली येल विद्यापीठाचे वेन मीक्स यांनी मधली जागा दाखवली: यातले पुढारी एका मापात उंच, दुसऱ्यात ठेंगणे. पैसा आहे पण जन्म गुलामाचा, शिक्षण आहे पण बाई आहे, धंदा जोरात पण परमुलखातला. हे मला पटतं. पैसा आला आणि पत आली नाही, ही अवस्था काय करते ते आपल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी दिसेल. पौलानं स्वतः लिहून ठेवलंय की तुमच्यात शहाणे, सत्तावान, कुलीन ‘फार’ नाहीत. फार नाहीत, म्हणजे काही आहेत.

आणि ज्या मंडळीत काही आहेत आणि बहुतेक नाहीत, तिथं जेवायला बसलं की गडबड होणार.

थाइसेन इथं गुप्तहेरासारखा काम करतो, आणि मला त्याची सगळ्यात आवडलेली गोष्ट ही: पौलाला कुठली बातमी कुणाकडून कळली, हे तो तपासतो. पौल तेव्हा समुद्रापलीकडे इफिसात. करिंथकरांनी त्याला पत्र पाठवलं होतं; लग्न करावं का, मूर्तीपुढचं मांस खावं का, असे शंकासमाधानाचे प्रश्न त्यात होते. त्यांना उत्तर देताना तो ‘तुम्ही लिहिलं त्याविषयी’ अशी सुरुवात करतो. पण भांडणांची बातमी पत्रात नव्हती. ती सांगितली ‘ख्लोवेच्या माणसांनी’, म्हणजे ख्लोवे नावाच्या बाईच्या पदरी असलेल्यांनी, बहुधा तिचे गुलाम किंवा मुक्त केलेले नोकर. आणि जेवणाच्या प्रकाराबद्दल पौल म्हणतो, ‘मी ऐकतो’. लिहिलं नव्हतं, ऐकलं. पत्र लिहिणाऱ्यांना, म्हणजे ज्यांना लिहिता येत होतं, बोरू-कागद परवडत होता, त्यांना पंगतीत काही चुकतंय असं वाटलंच नव्हतं.

का वाटावं? रीतच ती होती. धाकटा प्लिनी हा मोठा सरकारी माणूस, त्याच्या एका पत्रात अशा जेवणाचं वर्णन आहे. यजमानानं स्वतःपुढे आणि निवडक लोकांपुढे उत्तम पदार्थ ठेवले, बाकीच्यांपुढे हलके नि थोडके. द्राक्षारसाच्या छोट्या सुरया तीन प्रतींच्या: एक यजमान आणि प्लिनीसाठी, दुसरी कनिष्ठ मित्रांसाठी, तिसरी मुक्त गुलामांसाठी. शेजारच्यानं विचारलं, तुम्हाला हे पटतं का? प्लिनी म्हणाला, मी सगळ्यांना सारखंच वाढतो. मग फार खर्च येत असेल? छे, म्हणे, माझे नोकर माझा द्राक्षारस पीत नाहीत, मी त्यांचा पितो. प्लिनीचं कौतुक वाटतं, पण त्यानं हे मुद्दाम लिहून कळवलं यावरून सर्रास काय चाललं होतं तेही कळतं.

बरं, हे बड्यांच्या घरचं. गरिबांच्या मंडळांतही तेच. रोमजवळ लानुवियम इथं इ.स. १३६चा एक शिलालेख आहे, एका मंडळाच्या नियमांचा. नाव देवीचं, पण मुख्य काम भिशीचं आणि मयताचं. प्रवेश फी शंभर सेस्तर्स (रोमन नाणी) आणि चांगल्या द्राक्षारसाचा एक रांजण, वर्गणी महिन्याला पाच आस, म्हणजे किरकोळ नाणी. सभासदांत गुलामही आहेत. जेवणाच्या पाळ्या ठरलेल्या, माणशी दोन आसांची भाकर आणि चार चार मासे. पंगतीत आपली जागा सोडून दुसऱ्याच्या जागी बसला तर चार सेस्तर्स दंड, दुसऱ्याला शिवी दिली तर बारा, आणि अध्यक्षाला जेवताना शिवी दिली तर वीस. त्या अध्यक्षाला प्रत्येक वाटपात दुप्पट वाटा. हा लेख वाचताना मला सारखं हसू येत होतं. आमच्या गावच्या कुठल्याही उत्सव समितीला तो जसाच्या तसा लावता येईल. पण मुद्दा हा, की पंगतीत कमीजास्त वाढणं हा तिथं गुन्हा नव्हता, घटनेतलं कलम होतं.

आता खोली बघा. करिंथच्या अनाप्लोगा भागात एक रोमन काळचं घर खणून काढलंय. त्यातली जेवणाची खोली साधारण साडेपाच मीटर बाय साडेसात. रोमन पद्धतीनं आडवं लवंडून जेवायचं, तर तिथं नऊ-दहा माणसं मावतात. बाहेरचं अंगण पाच बाय सहा, त्यात मध्ये पावसाच्या पाण्याचा हौद. मंडळी चाळीस-पन्नास जणांची धरली तर नऊ जण आत कोचावर, बाकी अंगणात हौदाच्या कडेनं बसून किंवा उभे. जेरोम मर्फी-ओकॉनर यांनी हे गणित मांडलं. इतरांनी आक्षेप घेतला की ख्रिस्ती लोक अशा वाड्यातच जमायचे कशावरून? दुकानावरच्या माडीत जमत असतील. बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात त्रोवस गावी पौलाचं प्रवचन लांबलं तेव्हा युतुख नावाचा पोरगा पेंगून तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली पडतो, म्हणजे ती सभा चाळवजा इमारतीतच असणार. आक्षेप मला मान्य आहे. पण करिंथमध्ये गायस नावाचा माणूस होता, त्याला पौल ‘सगळ्या मंडळीचा यजमान’ म्हणतो. सगळ्या मंडळीला सामावेल असं त्याचं घर असलं पाहिजे. आणि घर असलं की आतबाहेर आलंच.

थाइसेनचा तर्क असा: भाकर आणि द्राक्षारस बहुधा सगळ्यांना मिळत होते, फरक पडत होता तो वरच्या पदार्थांत. ग्रीकमध्ये भाकरीबरोबर जे खायचं त्याला ‘ऑप्सॉन’ म्हणतात. मासा, मांस, भाजी, काहीही. जर्मन वाचकाला ही कल्पना समजवायला त्याला फोड करावी लागते. आपल्याकडे आजी म्हणायची, “कोरड्यास काय हाय?” तेच ते. भाकर सगळ्यांची, कोरड्यास ज्याचं त्याचं. शिवाय हातावर पोट असलेले आणि मालकानं सोडल्याशिवाय न सुटणारे गुलाम उशिरा पोचणार. तोवर आतले कोचवाले जेवून मोकळे. गायसानं दार बंद ठेवलं होतं असं नाही. पळी किती खोल जाते, एवढाच प्रश्न.

मांसाच्या भांडणाचंही तसंच. देवापुढे कापलेल्या बकऱ्याचं मांस बाजारात विकायला येई, ते खावं का? मंडळीतले ‘सबळ’ म्हणत, मूर्ती म्हणजे काहीच नव्हे, खुशाल खा. ‘दुर्बळां’च्या पोटात गोळा येई. थाइसेन म्हणतो, हा श्रद्धेच्या कमीजास्तपणाचा भाग नाही. श्रीमंताच्या ताटात मांस एरवीही असायचं, त्याला त्यात देव दिसत नव्हता. गरिबाला मांस मिळायचं सणाला, जत्रेला, देवाच्याच दारात. त्याच्या जिभेवर मांसाची चव आणि देव एकत्रच उतरायचे. आमच्या पणजोबांच्या पिढीनं धर्म बदलला तेव्हा जत्रेतल्या बोकडाचं काय करायचं हा प्रश्न प्रत्येक घरात होता. एरवी मटण दिसायचं कधी? पौलाच्या पत्रातले दुर्बळ कोण, हे त्यांना टीकाग्रंथ न उघडता कळलं असणार.

इथवर मी खूश होते. समाजशास्त्राची किल्ली लावावी आणि कुलूप उघडावं, असं चाललं होतं. मग अंत्युखिया आडवं आलं.

गलतीकरांस पत्रात पौल एक जुना प्रसंग सांगतो. सीरियातल्या अंत्युखिया शहरात यहुदी आणि परजातीय, म्हणजे यहुदी नसलेले, ख्रिस्ती एका पंगतीत जेवत होते, येशूचा पट्टशिष्य पेत्रही त्यांच्यात बसायचा. मग यरुशलेमहून तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची कर्मठ माणसं आली आणि पेत्र हळूच उठून वेगळा बसायला लागला. पौलानं त्याला सगळ्यांसमोर, तोंडावर सुनावलं. पेत्राला! हा सरळ सरळ रोटीव्यवहाराचा, सोवळ्याओवळ्याचा प्रश्न, आणि पौल एक पाऊल मागे हटला नाही.

आता करिंथ. तिथं प्रश्न सोवळ्याचा नाही, ऐपतीचा. पौल रागावतो, खूप रागावतो. तुमच्यात आजारपणं नि मरणं होताहेत ती यामुळेच, इथवर बोलतो. आणि मग तोडगा काय देतो? एकमेकांसाठी थांबा. भूक लागली असेल तर घरी जेवून या. बस्स. सगळं एका भांड्यात ओता असं म्हणत नाही. गायसा, तुझं कोरड्यास अंगणात ने, असं म्हणत नाही. थाइसेन याला, ट्रोल्च या जुन्या विचारवंताचा शब्द उसना घेऊन, प्रेमळ पितृसत्ता म्हणतो: वरच्यानं खालच्याशी मायेनं वागावं, खालच्यानं मान द्यावा, उतरंड मात्र जागच्या जागी.

याचं समाजशास्त्रीय उत्तर सोपं आहे आणि ते मला अजून बोचतं. अंत्युखियात पेत्राशी भांडून मंडळी मोडत नव्हती. करिंथमध्ये गायसाशी भांडलं असतं तर बसायचं कुठं? घर त्याचं, भाकर बहुधा त्याची, दिव्यातलं तेलही त्याचंच. पौल स्वतः या बाबतीत फार जपून होता. करिंथकरांकडून त्यानं पैसे घेतले नाहीत, तंबू शिवत राहिला, आणि त्यामुळे तिथले बडे लोक उलट दुखावले. घेतले असते तर तो त्यांचा आश्रित झाला असता. त्याला मिंधेपणा नको होता. पण मंडळीच मिंधी होती, त्याला तो काय करणार?

याच सुमारास माझं एक मत बदललं. आधी मला वाटायचं, समाजशास्त्र पवित्र शास्त्राला खाली खेचतं. घरीही तीच धाकधूक होती. वडील म्हणाले होते, पुण्याला जाऊन विश्वास घालवून येऊ नकोस. उलट झालं. मराठी बायबलात ‘दास’ हा शब्द मी लहानपणापासून वाचत आले, आणि तो वाचताना डोळ्यांपुढे भक्तच यायचा, हात जोडलेला. ग्रीक शब्दाचा अर्थ आहे बाजारात विकता येतो असा माणूस. हे कळल्यावर ‘दास कोणी नाही, स्वतंत्र कोणी नाही’ हे गलतीकरांसमधलं वाक्य गुळगुळीत राहिलं नाही, हाताला टोचायला लागलं.

अर्थात सगळ्याच समाजशास्त्रज्ञांवर मी अशी भाळत नाही. रॉडनी स्टार्क यांचं गणित प्रसिद्ध आहे: इ.स. ४०मध्ये हजार ख्रिस्ती धरा, दर दशकाला चाळीस टक्के वाढ धरा, म्हणजे ३५०पर्यंत सव्वातीन कोटींच्या वर जातात. चमत्कार मानायची गरज नाही. चक्रवाढ व्याजासारखं साफ. पण तो हजाराचा आकडा धरलेलाच आहे. आणि साथीच्या रोगांत ख्रिस्ती लोकांनी शुश्रूषा केली म्हणून त्यांची संख्या वाढली, या त्यांच्या म्हणण्याचा मोठा आधार अलेक्झांड्रियाच्या बिशप डायोनिसियसचं पत्र. आपल्या माणसांचं कौतुक आपल्याच बिशपच्या लेखणीतून. खोटं असेल असं नाही, पण मंडळाच्या अहवालात मंडळाचं काम नेहमी उत्तमच असतं.

पंगतीचं पुढे काय झालं ते मात्र ठाऊक आहे. सुमारे ११२ साली हाच प्लिनी आता बिथुनियाचा (आजच्या तुर्कस्तानातला प्रांत) सुभेदार झालेला, आणि सम्राट त्रायानला ख्रिस्ती लोकांबद्दल लिहितो: पहाटे जमून ख्रिस्ताचं गीत गातात, नंतर पुन्हा एकत्र येऊन साधंसुधं जेवतात, पण मंडळांवर बंदी घातल्यावर हे त्यांनी सोडलं. (मंडळांचा त्रायानला इतका धसका, की निकोमेदिया शहरात दीडशे माणसांचं अग्निशामक दल काढायलाही त्यानं नकार दिला.) ही माहिती काढायला प्लिनीनं दोन दासींचा छळ केला, ज्यांना मंडळीत सेविका म्हणत. सगळ्यांना सारखं वाढणारा तोच हा प्लिनी. पुढे १५०च्या सुमारास जस्टिन हा ख्रिस्ती लेखक उपासनेचं वर्णन करतो, त्यात भाकर आणि पेला आहे, भरपेट जेवण नाही. पुढे पेला अंगठ्याएवढा झाला. कुणाचंच पोट भरणार नाही इतका घास सगळ्यांना अगदी सारखा वाटता येतो.

हे सगळं वहीत लिहून मी दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले. आजी ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मी शेजारी बसून तिला सांगत गेले: गायसाचं घर, नऊ माणसांची खोली, तीन प्रतींचा द्राक्षारस, कोरड्यास. कोरड्यासाला ती मान डोलावून हसली. मग मी पौलाचा तोडगा सांगितला. तिला तो पाठच होता, पण असा सुटा करून कधी ऐकला नसावा.

“मंजी दार लावून खा म्हनला,” ती म्हणाली.

मी म्हटलं, तसंच काहीसं. ती बराच वेळ बोलली नाही. खडे बाजूला पडत राहिले.

“आन वाढत कोण व्हतं?”

“काय?”

“त्या गायसाच्या घरी. नऊ जन आत लवंडल्यालं, बाकी हौदापाशी. वाढाया कोण व्हतं? वाढनारं कवा जेवलं?”

मी वही चाळली. खोलीची लांबी-रुंदी होती, सुरयांच्या प्रती होत्या, चार मासे होते, दंडाचे आकडे होते. वाढणारे त्या घरातले गुलाम असणार, आणि त्यांतले काही मंडळीतलेच असणार, हे मला त्या क्षणी सुचलं. वहीत त्याबद्दल एक ओळ नव्हती.

आजीनं सूप माझ्या मांडीवर सरकवलं. “निवड,” म्हणाली, आणि आत भाकरी टाकायला गेली.